उघाडीच्या आतलं पाणी

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं कधी पटलं नाही. आता दोघींचे केस पिकले, दोघींचे नवरे गेले, तरी पटत नाही, आणि पटावं असं मला वाटतही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी आम्ही गळ्यात गळा घालून रडणार आहोत असं कुणी समजू नये.

आमची शेती पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून आहे. बाहेर खाडी, मध्ये मातीचा बांध, आत भात. बांधाला एका जागी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला मिटते आणि खाडीला अडवते. तरी मातीत मीठ असतंच. या जमिनीत दुकानातलं भात लावून बघणारे पुष्कळ झाले. त्यांची रोपं करपलेली मी पाहिली आणि मला वाईट वाटलं नाही. इथे येतं ते राता भात, तांबडं आणि जाड. शहरातली माणसं ते बघून नाक मुरडतात. ते बियाणं माझ्या सासूकडे तिच्या सासूकडून आलं होतं.

वाटणी झाली तेव्हा दिरानं निडी गावाजवळची कालव्याच्या पाण्याची जमीन घेतली. जाऊ निघताना म्हणाली, "मिठात हात कुजवायला मी नाय राहत." आणि जाता जाता धान्याच्या कणगीतून राताची एक मुडी उचलली. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं बियाणं. मी विचारलं, गोड्या जमिनीत हे कशाला? म्हणाली, "भाकर खायाला. तुझी परवानगी लागते व्हय?" तेव्हापासून आम्ही लग्नात आणि मयताला भेटतो. तिथेही एकमेकींशी बोलायचं ते तिसऱ्या बाईच्या तोंडून.

मग एका वर्षी उधाणात बांध फुटला, मोठी खांड पडली. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि दुरुस्ती करा म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्या म्हातारीचं कोण ऐकतं? उभं भात गेलं. पाणी घरात शिरलं, कणगी खालून भिजली आणि ठेवणीतलं बियाणं कुजलं. हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून खांड बुजवली. उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा पापुद्रा आला. त्यावरून चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा.

माझ्या मुलाला हे बरंच झालं. तो कंपनीत शिफ्ट करतो. त्याला शेत नकोच होतं. एक कोळंबीवाला बांधावर येऊन तळ्याची मापं घेऊन गेला. शेताचं तळं केलं की त्यात वर्षभर खारं पाणी. मग पुन्हा भात नाही, कधीच नाही.

मी मुलाला म्हटलं, "मी मेल्यावर कर काय करायचं ते."

"आये, तू काय लवकर मरत नायस," तो म्हणाला. "या पावसात भात उभं राहिलं तर बघू. नाय राहिलं तर मी देतो. बियाणं तरी कुठं हाय तुझ्याकडं?"

बियाणं गावात कुणाकडे नव्हतं. निम्म्यांनी आधीच भराव टाकून जमिनी विकून टाकल्या होत्या, बाकीच्यांचं माझ्यासारखंच कुजलं होतं. एकाच घरी होतं. तिथे जाण्यापेक्षा मी खाडीत उतरले असते, पण खाडीत उतरून भात येत नाही.

जाऊ ओट्यावर बसून काजूच्या बिया वेगळ्या करत होती. मला बघून उठली नाही.

"आलीस गो वयनी? वाट विसरलीस की घर?"

"बियाणं पायजे," मी म्हटलं.

"कंचं बियाणं?"

"माहीत हाय तुला कंचं."

"नाय माहीत. सांग की. मी चोरून नेलेलं म्हणून सगळ्या भावकीत सांगत फिरलीस, ते?"

मी ओट्याच्या कडेला टेकले. तिनं मला पाणीसुद्धा उशिरा दिलं आणि ते नातीच्या हातून. ही नात रोह्याजवळच्या वरसे गावात राहून शेतकीचं शिकते, तेव्हा सुट्टीला आजीकडे आली होती. पोरीच्या हातात सतत मोबाईल. मला तिचा पहिल्यापासून राग आला, कारण ती आपल्या आजीसारखी दिसते.

जाऊ म्हणाली, "देते. पण बियाण्याबरोबर ही पोर येईल. तिला कॉलेजात काय दाखवायचं हाय, ते ती तुझ्या शेतात करील. आणि ती सांगेल तसं तू करायचं."

"मी? हिचं ऐकू?"

"मग नको नेऊस. कोळंबी खा."

मुडी घेऊन निघताना माझ्या मनात एकच होतं. आमच्याकडे सगळे म्हणतात, गोड्या पाण्यावर पोसलेलं बियाणं खारं विसरतं. ही बाई इतकी वर्षं त्याला कालव्याचं पाणी पाजत होती. माझ्या शेतात ते मरणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर हात सैल सोडून दिलं. असं मी धरून चालले. वाटेत त्या पोरीलाही ते सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मोठी आजी, बियाणं विसरत नाही. त्याच्यातलं मिठाचं जनुक बंद असेल. गरज नव्हती म्हणून बंद."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या पुस्तकात जनुक नव्हतं. मी म्हटलं, "बंद असेल तर उघडून दाखव."

तिनं घरी आल्यावर मूठभर भात भिजवून मोड आणले. आमच्या खारजमिनीत आम्ही लावणी करत नाही. भात भिजवायचं, पोत्याखाली दाबून मोड आणायचे आणि मोडाचं भात चिखलावर फेकायचं. याला रहू म्हणतात. रंगाचे रिकामे डबे घरात पडलेले होते, त्यात तिनं आमच्या शेताची माती भरली, मोडाचं भात टाकलं आणि वरून थेट खाडीचं पाणी घातलं. दोनतीन दिवसांत मोड तपकिरी होऊन मऊ पडले. बोटानं दाबलं तर पाणी सुटलं.

मी डबा तिच्यासमोर आदळला. "हे बघ तुझं जनुक. तुझ्या आजीनं मला मेलेलं बी दिलं."

पोरगी घाबरली नाही. डब्यात बघत बसली. मग म्हणाली, "माझं चुकलं. मी एकदम घातलं. उघडायला वेळच दिला नाही."

"कुणाला वेळ?"

तेव्हा तिनं समजावलं. मला मान्य करायला आवडत नाही, पण तिनं ते बरं समजावलं. डबे कसले म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं की पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी अनेक सीझन काम केलं, डबे तिथले. तिनं तेच पकडलं.

कारखाने मी दोन पाहिले. पहिला एका घराच्या पडवीत. एकच खोली. साचे भिंतीला, माती खाली, गिऱ्हाईक दारात. गिऱ्हाइकानं बसलेली मूर्ती मागितली की मालक साचा काढायचा, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत आम्ही माती दाबायला लागायचो. मागणी नाही तेव्हा मालकाची आई साच्यांसमोर खाट टाकून झोपायची, कुणी उगाच हात लावू नये म्हणून. पोरगी म्हणाली, जंतूचं असंच असतं. आपल्या आतड्यात एक जंतू आहे, त्याला दुधातली साखर फोडायचं हत्यार बनवता येतं. पण ती साखर समोर नसेल तर तो ते बनवत नाही, उगाच कष्ट कशाला? हत्याराच्या साच्यावर एक राखणदार बसलेला असतो. साखर आली की ती राखणदाराला चिकटते, तो उठतो, काम सुरू. साखर संपली की तो परत येऊन बसतो.

"म्हणजे जंतूला माझ्या मुलापेक्षा अक्कल हाय," मी म्हटलं. "गरज असेल ते करतो."

दुसरा कारखाना मोठा. तिथे मूळ मूर्ती माळ्यावर, कुलपात, गोणपाटात गुंडाळलेल्या. मूळ मूर्ती खाली कधी येत नाही. आधी माळा उघडायचा, गोणपाट सोडायचं, मग तिच्यावरून रबराचा साचा घ्यायचा, त्याच्या कडेचं फालतू रबर कापायचं, आणि तो साचा खाली आमच्याकडे यायचा. काही मूर्ती काढल्या की रबर फाटायचं. फेकून द्यायचं. पाहिजे तर पुन्हा वरून नवा घ्या. पोरगी म्हणाली, भात काय, माणूस काय, सगळ्यांच्या पेशीत असाच मोठा कारखाना. प्रत्येक पेशीत माळ्यावर सगळ्या मूर्ती असतात. डोळ्याच्या पेशीतही, पायाच्या टाचेतही. पण डोळ्यात डोळ्याच्याच सोडतात, बाकी गोणपाटात. म्हणून टाचेला दिसत नाही. राताच्या माळ्यावर मीठ बाहेर ढकलायच्या आणि कोपऱ्यात कोंडायच्या हत्यारांच्या मूर्ती आहेत. जावेच्या शेतात मीठच नव्हतं, मग कोण सोडेल गोणपाट? आणि इथे तिनं मोडांवर एकदम खाडी ओतली.

मला कारखान्यातला एक दिवस आठवला. सीझन नव्हता, सगळं बांधून ठेवलेलं, आणि टेम्पो घेऊन एक माणूस दारात उभा राहिला, आत्ताच्या आत्ता गाडी भरून द्या म्हणाला. मालकानं त्याला हाकललं. माळा उघडायलाच संध्याकाळ झाली असती.

"मग आधी कुणीतरी सांगून ठेवायला पायजे होतं," मी म्हटलं. "थोडी मागणी आधी, मग गाडी."

"तेच. थोडं मीठ आधी द्यायचं. पण किती, ते मला ठरवता येत नाही. जास्त झालं तर मरेल, कमी झालं तर उघडणार नाही." मग ती हळूच म्हणाली, "तुमचं आणि आजीचं पण तसंच आहे. बोलणं बंद आहे, गेलेलं नाही."

मी म्हटलं, "भाताचं बोल."

किती मीठ हे तिच्या मोबाईलमध्येही धड सापडेना. एकात एक लिहिलेलं, दुसऱ्यात दुसरं, आणि तेही दुसऱ्याच भाताचं. मुडीत बियाणं मोजकंच. पुन्हा पुन्हा मारून बघण्याइतकं नव्हतं. शेवटी पोरीनं आजीला फोन लावला आणि मला न विचारता मोठ्या आवाजावर ठेवला.

जाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुझी मोठी आजी हाय का जवळ? तिला विचार, सासूबाई भात भिजवताना शेवटचं पाणी कुठलं घालायच्या."

मी मान फिरवली. पण मला आठवलं.

सासू पहिलं पाणी विहिरीचं घालायची. मोड डोकावले की शेवटचं पाणी उघाडीच्या आतल्या डबक्यातलं आणायला लावायची. त्या डबक्यात पावसाचं पाणी आणि झडपेतून झिरपलेलं खाडीचं पाणी एकत्र व्हायचं. जिभेवर ठेवलं तर डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट. हंडा घेऊन बांधावरून घसरत तिथे जायचं काम आम्हा दोघी जावांचं. विहीर दारात असताना ही म्हातारी आम्हाला मुद्दाम छळते असं आम्हाला वाटायचं. मला आणि जावेला एकाच गोष्टीचा राग आलेला तेवढाच.

घराशी नळ आल्यावर मी ते बंद केलं. कोण जाईल डबक्यावर? तरी भात यायचं. पाऊस मीठ धुऊन न्यायचा, म्हणून फरक कळला नाही. खांड पडून जमिनीत इतकं मीठ कधी मुरलं नव्हतं.

फोनमधून जाऊ बोलतच होती. "तिला नळ आला नि अक्कल गेली. मी इथं कालव्यावर बसून लक्षात ठेवलं, नि ही उघाडीच्या तोंडाशी राहून विसरली. सांग तिला."

"ऐकू आलं," मी म्हटलं. "बहिरी नाय मी."

"मग जा हंडा घेऊन. आता मी नाय तुझ्याबरोबर अर्धा उचलायला."

फोन मीच बंद करायला लावला.

पहिल्या सरींनी डबकं भरलं तेव्हा डब्यात करून पाहिलं. डबक्यातल्या पाण्यात भिजवलेले मोड, मग आमची माती, मग थोडं थोडं करून खारं पाणी. पिवळे पडले, पण उभे राहिले. पोरगी नाचायला लागली. मी तिला म्हटलं, डबा म्हणजे शेत नव्हे.

पेरायच्या वेळेला आमचं पुन्हा भांडण झालं. तिनं हट्ट धरला की एक पट्टा नळाच्या पाण्यावर मोड आणलेल्या भाताचा ठेवायचा. नाहीतर फरक कशानं पडला ते कसं कळणार?

"मला कळायचं नाय. मला भात पायजे," मी म्हटलं. "इथं बियाण्याचा दाणा दाणा मोलाचा झालाय, नि तू मरायला पेरतेस?"

"आजीनं सांगितलंय, मी सांगेन तसं करायचं."

"तुझी आजी मरो," मी म्हटलं, आणि पट्टा ठेवला.

भात फेकलं. उगवलं. मग पावसानं दडी मारली. पाणी आटलं की खालचं मीठ वर येतं. सकाळी बांधावर गेले तर पात्यांची टोकं जळलेली, मुळाशी पांढरं. मुलगा कामावरून येता येता बांधावर थांबला. बरोबर तो कोळंबीवाला.

"बाय, बघा, जमिनीलाच नकोय," कोळंबीवाला गोड आवाजात म्हणाला. "कशाला त्रास घेता या वयात?"

"तुझ्या कोळंबीला माझं वय लागणार हाय का?" मी म्हटलं. "बांधावरून उतर. बांध माझा पण हाय."

मुलगा म्हणाला, "आये, मेलं भात. मान ना आता."

पोरगी चिखलात उतरली होती. तिनं एक रोप उपटलं आणि मुळं धुऊन त्याला दाखवली. "काका, टोक जळलंय, पण गाभा हिरवा आहे. जुन्या पानात मीठ कोंडतंय आणि नवं पान वाचवतंय. आठ दिवस थांबा."

"आणि नाय वाचलं तर?"

"तर मग तुमचं खरं," ती म्हणाली. मला राग आला, पण दुसरं काय म्हणणार होती?

त्या आठवड्यात मी मुलाशी बोलले नाही, पोरीशीही नाही. जेवण वाढायचं आणि उठायचं. पाऊस परत आला तेव्हा बांधावर जायला मी मुद्दाम उशीर केला.

उघाडीजवळचा खोलगट तुकडा पूर्ण गेला होता. तिथे काळा चिखल. नळाच्या पाण्याचा पट्टा पेंढ्यासारखा वाळला होता, तरी त्यात मध्येच चारदोन काड्या हिरव्या. पोरगी म्हणाली, यांनी उशिरा का होईना, उघडलं. आणि बाकीचं भात उभं होतं. बुटकं, विरळ, पण गाभ्यातून नवं पान निघालेलं. मी खाली वाकून हातानं चाचपलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही.

मुलगा बघून गेला.  कोळंबीवाल्याला त्यानं फोनवर "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सांगितलं, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. पुढच्या वर्षी. म्हणजे ही भीती मला दर पावसात आहे. पण या पावसाची संपली.

कापणीला जाऊ आली. कुणी बोलावलं नव्हतं. बांधावर छत्री टेकून उभी राहिली आणि पहिलं वाक्य, "एवढंच आलं?"

"तुझ्या बियाण्याला एवढंच येतं."

"माझ्या बियाण्याला व्हय? मग परत दे माझी मुडी."

"तुझी कशी? सासूची."

"सासूचीच. पण सासूचं पाणी कोणी लक्षात ठेवलं?"

पोरगी मध्ये पडली. ती म्हणाली, या पिकानं मीठ सोसलंय, याच्या बियांत त्याची थोडी खूण राहतही असेल, गोणपाट जरा सैल राहत असेल. पण सगळ्या भातात तसं होतं की नाही याची खात्री नाही, असंही तिनंच सांगितलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणते, एवढा एक गुण त्या पोरीत आजीचा नाही.

झोडपून झाल्यावर मी दोन मुड्या बांधल्या. एक माळ्यावर टांगली, पाणी शिरलं तरी पोचणार नाही अशी. दुसरी जावेच्या पायाशी ठेवली. तिनं ती उचलून वजन बघितलं, पेंढा कसा आवळलाय ते बघितलं, आणि सगळ्यांसमोर गाठ सोडून पुन्हा बांधली.

"अजून धड मुडी बांधता येत नाय," ती म्हणाली.

ती ते भात निडीला कालव्यावर लावील आणि भाकरी करून खाईल. लावू दे. एकाच घरात बियाणं ठेवलं की काय होतं ते आम्ही पाहिलं. माझी कणगी पुन्हा भिजली, तर मला पुन्हा तिच्याच ओट्यावर जाऊन उभं राहायचं आहे. ती पुन्हा मला उशिरा पाणी देईल. म्हणून मी तिच्या मुडीत निवडलेलं भात घातलं आहे, माझ्या मुडीतल्यापेक्षा भरीव. तिच्यासाठी नाही.